अक्षरांचा टिकाव : अंबरनाथचा शिलालेख आणि संगणकाची देवनागरी

अंबरनाथ येथें वालधुनी नदीच्या कांठीं शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर उभें आहे. त्या मंदिरांत एक शिलालेख असून मंदिराच्या बांधकामाचा उल्लेख, शिलाहार राजा मम्वाणि (ज्याला इतिहासकार मुम्मुणि ह्या नांवानें ओळखतात) याचें नांव आणि शकाचें वर्ष त्यांत दिलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख वाचला, तेव्हां त्यांनीं वर्षाचा आंकडा ७८२ असा लाविला. पुढें त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हा तपासून आंकडा ९८२ असल्याचें दाखविलें, आणि मंदिराचा काळ दोनशें वर्षांनीं पुढें सरकून इसवी सन १०६० हा ठरला. गुरूच्या वाचनांतील चूक शिष्याला सुधारतां आली, ह्याचें कारण साधें आहे. अक्षरें दगडावर सर्वांच्या समोर होतीं. तीं पाहण्यास कोणाचा परवाना लागत नव्हता.

आतां ह्याच अंबरनाथांत किंवा शेजारच्या बदलापुरांत एखाद्या छापखान्यानें १९९५ च्या सुमारास संगणकावर जुळविलेलें मराठी पुस्तक घेतलें, तर काय आढळेल? छापील प्रत हातीं असेल तर ती सुखानें वाचतां येईल. परंतु त्याच पुस्तकाची संगणकांत जतन केलेली फाईल आजच्या यंत्रावर उघडली, तर बहुधा मराठीच्या जागीं रोमन अक्षरें, कंस आणि चिन्हें यांची खिचडी पुढें येईल. साडेनऊशें वर्षांचा दगड वाचतां येतो आणि तीस वर्षांची फाईल वाचतां येत नाहीं. हें कसें घडलें, आणि पुन्हा घडूं नये म्हणून काय पाहावें लागतें, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. ज्या घरांत मराठी वाचली जाते त्या प्रत्येक घराचा तो आहे.

लेखन टिकण्यास दोन गोष्टी लागतात : लिहिलेलें शिल्लक राहावें लागतें, आणि तें वाचणारा शिल्लक राहावा लागतो. मोडी लिपीचा इतिहास ह्या दुसऱ्या गोष्टीची साक्ष देतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागद कोट्यवधि आहेत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे; पण विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारांतून व शाळेंतून गेली, आणि ती सफाईनें वाचणारी माणसें विरळ झालीं. तरीही मोडी मेली नाहीं, कारण तिचीं वळणें कोणाच्या मालकीचीं नव्हतीं. ज्याला शिकावयाची असेल त्याला आजही ती शिकतां येते.

छपाईच्या युगांतही ही मोकळीक कायम राहिली. जावजी दादाजी यांनीं १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातचे सुबक देवनागरी ठसे महाराष्ट्रभर नांवाजले गेले. ठसे निर्णयसागरचे होते. पण एकदां कागदावर शाई उमटली कीं वाचकाचा आणि ठशांचा संबंध संपला. पुस्तक वाचण्यासाठीं घरांत निर्णयसागरचे खिळे ठेवण्याची गरज कोणास पडली नाहीं.

संगणकानें नेमका हाच संबंध बदलला. संगणकांत अक्षर साठविलें जात नाहीं. अक्षराच्या नांवानें ठरविलेला एक आंकडा साठविला जातो. तो आंकडा वाचून पडद्यावर आकृति काढण्याचें काम सॉफ्टवेअर, म्हणजे यंत्राला चालविणारी आज्ञावली करते. म्हणून संगणकांतील लेख हा सदैव दुसऱ्या कोणाच्या तरी आधारावर उभा असतो. कोणता आंकडा म्हणजे कोणतें अक्षर, हा ठराव जर सार्वजनिक असेल तर लेख सर्वांचा राहतो; जर तो एका कंपनीच्या पेटींत बंद असेल तर पेटीबरोबर लेखही जातो.

भारतीय लिप्यांसाठीं असा सार्वजनिक ठराव करण्याचा यत्न आपल्या देशांत लवकर झाला. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें हें काम पुढें पुण्यास आलें. १९८८ साली पुण्यांत सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली व तेथील ‘जिस्ट’ विभागानें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें काम हातीं घेतलें. १९९१ साली भारतीय मानक संस्थेनें ‘इस्की’ हें मानक प्रसिद्ध केलें. त्याची कल्पना व्याकरणशुद्ध होती. ‘क्ष’ ह्या आकृतीला त्यांत स्वतंत्र आंकडा नव्हता. क, हलन्ताचें चिन्ह आणि ष असे तीन आंकडे ओळीनें साठवावयाचे व आकृति जुळविण्याचें काम यंत्रावर सोंपवावयाचें, अशी ती योजना होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच वर्णक्रम दिल्यामुळें तोच मजकूर एका लिपींतून दुसरींत पालटतांही येई.

परंतु छापखान्यांना घाई होती. वर्तमानपत्रें, लग्नपत्रिका, परीक्षांचे कागद, सरकारी पत्रकें हीं सर्व त्या दशकांत संगणकावर येऊं लागलीं, आणि पाश्चात्त्य पानजुळणीच्या आज्ञावलींना इस्की समजत नव्हती. तेव्हां व्यवहारी तोड निघाली. रोमन अक्षरांसाठीं राखलेल्या २५६ घरांतच देवनागरीचे तुकडे बसविले गेले : एका घरांत काना, दुसऱ्यांत अर्धा त, तिसऱ्यांत रफार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची ‘श्रीलिपि’, ‘आकृति’, आणि सी-डॅकचे स्वतःचे अक्षरसंचही ह्याच वाटेनें गेले. त्यांनीं मराठी मुद्रणाची मोठी सोय केली हें नाकारतां येणार नाहीं. त्या सोयीवांचून मराठी वृत्तपत्रसृष्टि त्या काळीं संगणकावर येती ना. परंतु कोणता तुकडा कोणत्या घरांत, हें प्रत्येकानें आपापल्या मर्जीनें ठरविलें. त्यामुळें एका संचांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संचांत अर्थशून्य झाला. यंत्राच्या दृष्टीनें तो मराठी नव्हताच. त्यांत एखादा शब्द शोधतां येत नसे, कीं नांवें अकारविल्हे लावतां येत नसत. आज असा मजकूर पालटावयाचा तर प्रत्येक संचासाठीं निराळें कोष्टक लागतें, आणि कोष्टक मिळालें तरी अडचण संपत नाहीं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं काढली जाते व नंतर उच्चारली जाते. रफार नंतर काढला जातो व आधीं उच्चारला जातो. जुन्या फाइलींत हीं चिन्हें दिसण्याच्या क्रमानें ठेविलेलीं असतात, तीं उचलून उच्चाराच्या क्रमानें पुन्हा बसवावीं लागतात.

ह्याच सुमारास, १९९१ च्या ऑक्टोबरांत, जगांतील सर्व लिप्यांना एका कोष्टकांत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. म्हणजे आपल्या देशांतील सार्वजनिक काम वायां न जातां जगाच्या मानकांत जिरलें. मात्र मानक कागदावर येणें आणि तें घरोघरच्या यंत्रांत येणें यांत बरींच वर्षें गेलीं. मुंबईचे विख्यात अक्षरकार र. कृ. जोशी यांनीं मायक्रोसॉफ्टसाठीं रेखाटलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच विंडोज २००० बरोबर आला, तेव्हां सामान्य संगणकावर युनिकोड देवनागरीचा मार्ग खुला झाला. २००४ साली रेड हॅट कंपनीनें ‘लोहित’ हा संच मुक्त परवान्यानें दिला आणि २०११ साली खास अक्षरसंचांसाठीं केलेल्या अधिक सुटसुटीत परवान्याखालीं तो आणला. लोहितच्या पुढील दुरुस्त्यांचें पुष्कळसें काम ह्या कंपनीच्या पुण्यांतील लोकांनीं केलें.

सार्वजनिक मानकाचा खरा गुण लहान समाजांच्या बाबतींत दिसतो. उल्हासनगर हें गांवच मुळीं निर्वासितांचें. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी कुटुंबांची ती वसाहत १९४९ साली उल्हासनगर ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. सिंधी भाषा फारसी वळणाच्या लिपींत लिहिली जाते, तशीच देवनागरींतही. पण तिच्यांत श्वास आंत ओढून उच्चारलेले चार वर्ण आहेत, जे मराठी-हिंदींत नाहींत. ॻ, ॼ, ॾ आणि ॿ अशीं तीं अक्षरें होत. ह्या चार अक्षरांना युनिकोडमध्यें स्वतःचीं घरें मिळालीं तीं २००६ साली. मराठीच्या ‘ॲ’ ला तें घर २००८ साली मिळालें. केवळ बाजाराचा हिशेब करणाऱ्या विक्रेत्याला चार सिंधी अक्षरांसाठीं खपण्याचें कारण फारसें पडलें नसतें. मानक खुलें असल्यामुळें अर्ज करतां आला, पुरावा मांडतां आला आणि अक्षरें कायमचीं दाखल झालीं.

येथवरची हकीकत ऐकून असें वाटेल कीं गोष्ट सुखान्त झाली. परंतु मानक म्हणजे ठराव. तो पाळणारी यंत्रणा निराळी असते. आज हातांतल्या फोनवर ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द उमटतो त्यामागें आंकड्यांचें कोष्टक, अक्षरसंच, अक्षरजुळणी करणारी आज्ञावली, पडदा रंगविणारी आज्ञावली आणि त्या सर्वांना चालविणारी मुख्य यंत्रणा, अशी साखळी असते. अक्षरजुळणीचें काम पुष्कळ ठिकाणीं ‘हार्फबझ’ नांवाची मुक्त आज्ञावली करते. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस या सर्वांत ती आहे. कोट्यवधि मराठी वाचक रोज तिच्या आधारें वाचतात, आणि बहुतेकांनीं तिचें नांवही ऐकलेलें नसतें. तिची निगा राखणारीं माणसें मात्र मूठभर आहेत.

अशा परस्परावलंबी रचनेला आज ‘परिसंस्था’ म्हणतात. हा शब्द जीवशास्त्रांतून आला, आणि ह्या तीन शहरांतील रहिवाशांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगराळ मुलुखांतून निघून कर्जत, बदलापूर ओलांडून कल्याणच्या खाडीस मिळते. वालधुनी अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून वाहते. वरच्या अंगास कारखान्याचें सांडपाणी नदींत सोडलें कीं खालच्या अंगास त्याची दुर्गंधि येते. बारवी धरणाची निगा राहिली नाहीं तर कित्येक कोस दूर असलेला नळ कोरडा पडतो. सॉफ्टवेअरच्या जगांतही मूळ आज्ञावली लिहिणाऱ्यांना ‘प्रवाहाच्या वरचे’ आणि ती वापरणाऱ्यांना ‘प्रवाहाच्या खालचे’ असेंच म्हणतात. खालचे असंख्य, वरचे थोडे. आणि धरणाला निदान पाणीपट्टी तरी असते.

वरचा प्रवाह आटला किंवा नासला म्हणजे काय होतें, याचे तीन दाखले अलीकडच्या काळांत सर्व जगानें पाहिले. २०१४ च्या एप्रिलांत ‘ओपन-एसएसएल’ ह्या आज्ञावलींतील ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष उघडकीस आला. बँकांचे व दुकानांचे गुप्त व्यवहार झांकण्याचें काम जगभर तिच्यावर सोंपविलेलें होतें. आणि तिला वर्षाकाठीं मिळणाऱ्या देणग्या सुमारें दोन हजार डॉलर होत्या व पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. २०१६ च्या मार्चांत एका लेखकानें रागावून आपली ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली, आणि तिच्यावर उभीं असलेलीं हजारों कामें कांहीं तास अडलीं. तिसरा दाखला २०२४ च्या मार्चांतील. ‘एक्सझेड’ ही फाइली आवळून ठेवणारी आज्ञावली एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. एका टोपणनांवाच्या व्यक्तीनें दोनअडीच वर्षें गोड बोलून, खरीं कामें करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग तींत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब लागतो असें जाणवलें, त्याचा त्यानें माग काढला, आणि अनर्थ टळला. ह्या प्रकरणांत दोन्ही धडे आहेत. आज्ञावली खुली होती म्हणून ती सुरक्षित राहिली असें नव्हे. पण ती खुली होती म्हणूनच एका परक्या माणसाला तिचा तळ गांठतां आला. अंबरनाथच्या शिलालेखावरील आंकडा ज्या न्यायानें दुरुस्त झाला, तोच हा न्याय.

मग एखाद्या आज्ञावलीच्या टिकावाची परीक्षा कशी करावी? लंडनच्या इंपीरिअल कॉलेजांतील प्राध्यापक मॅनी लेहमन यांनीं १९७४ साली एक नियम मांडला होता : वापरांत असलेली आज्ञावली सतत बदलत्या गरजांशीं जुळवून घेत राहिली पाहिजे, नाहीं तर ती उत्तरोत्तर निरुपयोगी होत जाते. तिचा कागद कुजत नाहीं, तिला गंज चढत नाहीं. भोंवतालचें जग पुढें जातें आणि ती मागें राहते. म्हणून ती आज चालते कीं नाहीं, एवढें पाहून भागत नाहीं. २०१७ साली लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालीं ‘केऑस’ हा उपक्रम सुरू झाला, तो अशा परीक्षेचीं मापें ठरविण्यासाठींच. त्यांतील मुख्य मापें कोणासही समजण्यासारखीं आहेत. काम सांभाळणारीं माणसें किती, आणि त्यांपैकीं किती जणांनीं हात काढून घेतला तर काम थांबेल? कळविलेले दोष किती दिवसांत दुरुस्त होतात? नवीं माणसें येतात कीं जुनींच थकतात? खर्च कोण चालवितो, आणि त्यानें हात आखडला तर पुढें काय? शेवटीं, मूळ लेखन आणि परवाना असा आहे काय, कीं आजचे सांभाळणारे गेले तरी उद्यां दुसऱ्यास तेथून पुढें नेतां येईल?

ह्या कसोट्या मराठीच्या अनुभवास लावल्या तर निकाल उद्बोधक दिसतो. बंद अक्षरसंचांच्या मागें पगारी माणसें होतीं, विक्री होती, दुरुस्त्याही होत्या. बाकीच्या मापांत ते कमी नव्हते. ते शेवटच्या एकाच कसोटीस उतरले नाहींत, आणि तेवढ्यानें एका पिढीचा मजकूर अडकून पडला. इस्कीचें उलट झालें. मानक म्हणून ती आज मागें पडली आहे, परंतु तिचें कोष्टक छापलेलें असल्यामुळें इस्कींतील मजकूर आजही बिनचूक पालटतां येतो. म्हणजे आज्ञावलीचें आयुष्य संपलें तरी तींतील लेखनाचें आयुष्य संपलेंच पाहिजे असें नाहीं. लोहित व हार्फबझ शेवटच्या कसोटीस उतरतात. त्यांची कमकुवत बाजू पहिल्या कसोटीची, म्हणजे माणसांची आहे. मोडीला वळणांची मोकळीक होती आणि वाचणारे नव्हते. तेंच संकट येथें निराळ्या वेषांत येऊं शकतें.

तें टाळण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत व बाहेर चालू आहेत. पवईच्या आय. आय. टी. मध्यें ‘फॉसी’ हा उपक्रम केंद्र सरकारच्या मदतीनें मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार महाविद्यालयांत करतो, आणि तेथलेच ‘स्पोकन ट्यूटोरिअल’ हे पाठ मराठींतूनही ऐकावयास मिळतात. २०२४ साली बंगळूरच्या झिरोधा कंपनीनें मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठीं प्रतिवर्षीं दहा लक्ष डॉलरांचा निधि जाहीर केला. आपल्या देशांतील वापर पाहतां हें सर्व अल्प आहे. पाणी पिणारे कोट्यवधि आणि बांध दुरुस्त करणारे थोडे, हें प्रमाण अद्याप पालटलेलें नाहीं.

ह्यांत सामान्य कुटुंबाचें आणि गांवच्या संस्थांचें कर्तव्य अगदींच नाहीं असें नव्हे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथील वाचनालयें, शाळा, गृहनिर्माण संस्था आणि छापखाने यांच्या कपाटांत १९९० ते २०१० या काळांतल्या तबकड्या पडून असतील. कोणाच्या आजोबांच्या आठवणी, कोणा मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कोणा शाळेच्या पटावरील नांवें त्यांत आहेत. ज्या आज्ञावलींत तीं लिहिलीं गेलीं ती चालविणारें एखादें जुनें यंत्र आणि ती जाणणारा एखादा जुळारी आज शोधल्यास सांपडतो; आणखी वीस वर्षांनीं सांपडेलच असें नाहीं. जें युनिकोडमध्यें पालटतां येईल तें आतांच पालटावें, आणि जें पालटतां येणार नाहीं त्याची निदान कागदावर एक प्रत काढून ठेवावी. आणि पुढें एखादी संस्था आपलें दफ्तर नव्या आज्ञावलीच्या स्वाधीन करूं लागेल, तेव्हां किंमत व सोय विचारल्यावर आणखी एक प्रश्न तिनें विकणाऱ्यास अवश्य विचारावा : तुम्ही उद्यां दुकान बंद केलें, तर आमचीं अक्षरें आम्हांस दुसरीकडे वाचतां येतील काय?